वाचकांचे प्रश्न : पॉटलकला कोणी किती आणायचं?

नवरात्र संपलं की कोजागिरी, मग दिवाळीनंतरच्या भेटी, मग डिसेंबरच्या सुट्ट्या. या दिवसांत घरोघरचे डबे एकत्र करून जेवायचे बेत ठरतात आणि त्याबद्दलची पत्रंही जास्त येतात. या खेपेच्या पत्रांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच दिसलं. कोण काय आणणार हे ठरतं, पण किती आणायचं आणि तयार आणायचं की अर्धं तयार, हे कुणी ठरवत नाही. म्हणून उत्तरांत भर मापांवर आणि वेळांवर दिला आहे.

प्रश्न : आम्ही आठ घरं मिळून दर दोन महिन्यांनी पॉटलक करतो. 18 मोठी माणसं, 6 मुलं. दर वेळी भात आणि गोड खूप उरतं, पोळ्या मात्र निम्मे लोक जेवायचे असतानाच संपतात. चुकतं कुठे? — कोथरूड, पुणे

उत्तर : प्रत्येक घर सगळ्यांना पुरेल इतकं करतं, तिथे चुकतं. हिशेब मांडून बघा. चार ते दहा वर्षांची मुलं अर्धी धरली तर तुमची पंगत 21 माणसांची. मोठं माणूस रात्रीच्या जेवणाला सगळं मिळून साधारण अर्धा किलो शिजलेलं अन्न खातं. म्हणजे साडेदहा किलो लागतं. पण आठही घरांनी 24 जणांना दीडदीडशे ग्रॅम धरून पदार्थ केला, तर एका घराचे 3.6 किलो आणि सगळ्यांचे मिळून जवळजवळ 29 किलो होतात. अन्न उरणारच.

दुसरी गोष्ट पोळ्यांची. पोळ्या लाटायला वेळ लागतो, म्हणून आपणहून कुणी घेत नाही. ज्यांच्या गळ्यात पडतात ते 20-25 करून थांबतात. त्यामुळे पोळ्यांसाठी दोन घरं मुद्दाम नेमा. तुमच्या पंगतीला चालेल अशी वाटणी अशी :

पोळ्या 45, एका घराच्या 25 आणि दुसऱ्याच्या 20. कणीक एकूण सव्वा किलोच्या आत लागते, कारण मध्यम घडीच्या पोळीला साधारण 25 ग्रॅम पीठ जातं.

मटकीची किंवा मुगाची उसळ अडीच किलो, एक घर. त्यासाठी कोरडी मटकी पाऊण किलो पुरे; मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते.

सुकी भाजी पावणेदोन किलो, एक घर. बटाट्याची करायची तर सालासकट दोन किलो बटाटे घ्या.

मसालेभात किंवा पुलाव, एक घर, आणि एकच. तांदूळ 800 ग्रॅम. पोळ्या असताना माणशी 40 ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो. एरवी नुसत्या वरण-भाताला आपण 75 ग्रॅम धरतो, तीच सवय इथे नडते.

काकडीची कोशिंबीर एक किलो, सोबत चटणी, लोणचं आणि 25 पापड, एक घर.

श्रीखंड 1.6 किलो, एक घर. चक्का 900 ग्रॅम आणि साखर 700 ग्रॅम. माणशी 75 ग्रॅम कमी वाटेल, पण चार पदार्थ खाल्ल्यावर एवढंच जातं.

आठव्या घराकडे स्वयंपाक नाही. ताटं-वाट्या, पाण्याचा 20 लिटरचा जार, बर्फ, ताक आणि कचऱ्याच्या पिशव्या त्यांनी आणायच्या.

बेरीज केली तर 11 किलो भरते. सुरुवातीला कोथिंबीर वडी किंवा आळूवडी हवीच असेल, तर माणशी तीन धरून 60 वड्या करा आणि त्या दिवशी सुकी भाजी रद्द करा. दोन्ही ठेवलं की भाजीचा डबा अर्धा परत जातो.

दोन घरांना एकाच प्रकारचा पदार्थ करायचाच असेल, समजा दोन भाज्या रश्शाच्या, तर प्रत्येकाने पूर्ण पंगतीचं माप न घेता दोन तृतीयांश घ्यावं. लोक दोन्ही चाखतात, पण दोन्हींची पूर्ण वाटी घेत नाहीत.

प्रश्न : ग्रुपवर “काय आणू?” असे चाळीस मेसेज येतात आणि शेवटी तीन जण गुलाबजामच आणतात. मेसेज नेमका कसा टाकावा? — नाशिक

उत्तर : “ज्याला जे आवडेल ते आणा” हे वाक्य लिहू नका. जागा आधी ठरवा आणि लोकांना त्या जागा निवडू द्या. साधारण असा मेसेज चालतो :

“शनिवारी रात्री आमच्याकडे जेवण. यायची वेळ साडेसात, पानं सव्वाआठला. 21 जणांचा हिशेब. जागा : 1) पोळ्या 25, 2) पोळ्या 20, 3) उसळ अडीच किलो, 4) सुकी भाजी पावणेदोन किलो, 5) कोशिंबीर एक किलो आणि पापड, 6) गोड दीड किलो, 7) ताटं, पाणी, बर्फ, ताक. भात मी करते. आपला नंबर आणि पदार्थाचं नाव मंगळवारपर्यंत लिहा. नंबर गेला की तो घेऊ नये. कुणाला काही चालत नसेल तर मला वेगळं कळवा.”

हा मेसेज आठवडाभर आधी जावा. मंगळवारी रिकाम्या राहिलेल्या जागा तुम्हीच नाव घेऊन वाटा. ग्रुपवर पुन्हा विचारलं की पुन्हा चर्चा सुरू होते. गुरुवारी एकदाच पूर्ण यादी टाका, म्हणजे उसळ करणाऱ्याला आपल्या शेजारी कोणती भाजी आहे ते कळतं आणि दोन्हींत बटाटा येत नाही.

भात यजमानांनी ठेवावा हे आम्ही मुद्दाम सुचवतो. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मे महिन्यात ठाण्याहून पनवेलला उसळ नेली होती. सकाळी केली, गरम असतानाच स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवली. रात्री उघडली तर आंबूस वास. झाकण तर घट्ट होतं, मग खराब का झाली? — ठाणे

उत्तर : घट्ट झाकणामुळेच. अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम असलं किंवा 5 अंशांच्या खाली गार असलं, तर जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. मधल्या पट्ट्यात, विशेषतः अंगाला कोमट लागेल अशा तापमानाला, ते सगळ्यात वेगाने वाढतात. अडीच किलो उसळ झाकण लावलेल्या डब्यात गरमही राहत नाही आणि लवकर गारही होत नाही. कित्येक तास ती कोमटच राहते. त्यात ओलं खोबरं असेल तर आणखी लवकर आंबते.

सर्वसाधारण नियम असा की शिजलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. मुंबई-ठाण्यात मेमध्ये हा एक तासच धरा. या तासात प्रवासाचा आणि टेबलावर मांडून ठेवलेला वेळही येतो.

म्हणून दोनच मार्ग आहेत. पहिला, उकळतं नेणं. निघायच्या अगदी आधी उसळ खळखळून उकळा. इन्सुलेटेड कॅसरोलमध्ये आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा, ते ओतून टाका, भांडं पुसा आणि लगेच उसळ काठापर्यंत भरा. अर्ध्या भरलेल्या कॅसरोलमधलं अन्न फार लवकर निवतं, तेव्हा अडीच किलोला पाच लिटरचं भांडं घेऊ नका. दीड तासापर्यंतच्या अंतराला हे चांगलं चालतं.

दुसरा मार्ग, पूर्ण गार करून नेणं. शिजली की परातीत दोन बोटं जाडीच्या थरात पसरा, पंख्याखाली ठेवा, वाफ गेली की फ्रिजमध्ये. सकाळी करून रात्री न्यायची असेल तर हाच मार्ग. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड पिशवीतून न्या आणि तिथे कडेला नव्हे, मध्यभागी बुडबुडे येईपर्यंत उकळा. ओलं खोबरं आणि कोथिंबीर वेगळ्या डबीत न्या, वाढताना घाला. उन्हाळ्यात वाटणाला सुकं खोबरं वापरलं तर धोका आणखी कमी.

भाताची गोष्ट याहून नाजूक. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्याने मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. भाताला वास येत नाही, चव बदलत नाही, आणि रात्री सगळ्यांना उलट्या होतात. त्यामुळे लांबून येणाऱ्या घराला भात देऊ नये. यजमानांनी पाहुणे यायच्या सुमारास कुकर लावावा, किंवा फोडणी आणि भाज्या तयार ठेवून साडेसातला तांदूळ वैरावा.

पोळ्यांना भीती वेगळी, वाफेची. तव्यावरून थेट डब्यात टाकल्या तर खालच्या पोळ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात. जाळीवर अर्धा मिनिट वाफ जाऊ द्या, तूप लावा, डब्याच्या तळाशी आणि वर सुती कापड घाला. सकाळी करून रात्री खायच्या असतील तर कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवून दशम्या करा, त्या मऊ राहतात; पण मे महिन्यात दशम्याही त्याच दिवशी संपवाव्यात.

प्रश्न : आमच्याकडे जमलो तेव्हा सगळे अर्धवट पदार्थ घेऊन आले. एकाला भजी तळायची, दुसऱ्याला फोडणी द्यायची, तिसऱ्याला मायक्रोवेव्ह हवा. दोन बर्नरच्या शेगडीपुढे रांग लागली आणि जेवायला दहा वाजले. वर इंडक्शन लावलं तर एक्स्टेंशन बोर्डच जळाला. — कोल्हापूर

उत्तर : पदार्थ ठरवतानाच प्रत्येकाला विचारा : आल्यावर गॅस लागणार का, किती मिनिटं? एका संध्याकाळी आल्यावर तळायचा पदार्थ एकच घ्या. 60 कोथिंबीर वड्या मध्यम कढईत तळायला अर्धा तास जातो आणि तेवढा वेळ एक बर्नर अडकतो. वड्या घरी उकडून, कापून आणायच्या. तळणं तेवढं इथे. तव्यावर थोड्या तेलात खरपूस केल्या तर कढईभर गरम तेल परक्या स्वयंपाकघरात, मुलांच्या पायांत सांभाळावं लागत नाही. कांदाभजी आणि बटाटेवडे पॉटलकला नकोतच. भजी डब्यात दहा मिनिटांत मऊ पडतात, आणि तिथे तळायची म्हटली तर तळणारा माणूस जेवायलाच बसत नाही.

दुसरा बर्नर गरम करण्यासाठी : आधी उसळ, कारण ती घट्ट आणि जड, तिला दहा-बारा मिनिटं लागतात, मग सुकी भाजी. कढी मात्र आणू नका. पुन्हा उकळली की फुटते, आणि न उकळता वाढली तर कोमट लागते. त्याऐवजी ताक.

मायक्रोवेव्हमध्ये अडीच किलोचं भांडं ठेवलं तर कडा उकळतात आणि मध्यभाग गारच राहतो. त्यात एका वेळी अर्धा किलो, तोही मध्ये एकदा ढवळून. मोठं काही असेल तर गॅसच बरा.

आता बोर्डाविषयी. घरातला साधा एक्स्टेंशन बोर्ड बहुधा 6 अँपियरचा असतो. 230 व्होल्टला म्हणजे जेमतेम 1380 वॅट. इंडक्शन शेगडी 1800 ते 2000 वॅट घेते. तिचा ताण एकट्या बोर्डाला सोसत नाही, मग त्यावर मायक्रोवेव्हही लावला तर वायर वितळणारच. इंडक्शन थेट भिंतीतल्या मोठ्या, 16 अँपियरच्या सॉकेटमध्ये लावा. स्वयंपाकघरात असं सॉकेट एकच असेल तर इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह आळीपाळीने वापरा.

ज्यांना ना गॅस लागतो ना वीज, असे पदार्थ निम्मे तरी असावेत : सुरळीच्या वड्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, दहीबुत्ती, भरली वांगी (ती कोमटही छान लागतात), खमंग काकडी, श्रीखंड. दहीबुत्ती नेताना भातात दूध जास्त आणि दही अगदी थोडं घाला, पोहोचेपर्यंत आंबट होत नाही. पण नेताना ती गारच असली पाहिजे. कोशिंबिरीत मीठ आणि दही आधी घातलं की तासाभरात तळाशी पाणी साठतं. काकडी चोचवून पिळलेली, दह्याचा डबा वेगळा, कूट वेगळं, फोडणी छोट्या डबीत. वाढायच्या पाच मिनिटं आधी कालवा.

प्रश्न : ग्रुपमध्ये एक जैन कुटुंब आहे, एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि नेमकी संकष्टी आली तर दोघांचा उपास. सगळ्यांना सांभाळायचं कसं? — सांगली

उत्तर : तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच तराजूत घालू नका. ॲलर्जीत जिवाला धोका असतो, म्हणून तिची व्यवस्था सगळ्यात कडक.

आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, सुक्या चटणीत, कित्येक उसळींत जातं, आणि बघून ओळखू येत नाही. त्या दिवशी शेंगदाणा कुणीच आणू नये हे सगळ्यात सोपं. एकाच पळीने दोन पदार्थ वाढले गेले तरी कूट ताटात पोहोचतं, तेव्हा “वेगळं ठेवू” यावर अवलंबून राहू नका. कुटाऐवजी भाजलेले तीळ किंवा सुकं खोबरं चालतं का, ते मुलाच्या आईवडिलांना विचारून ठरवा. तळणीचं तेलही विचारा, आपल्याकडे बऱ्याच घरांत ते शेंगदाण्याचंच असतं. गव्हाचं वर्ज्य असणारं कुणी असेल तर आणखी एक जागा ध्यानात ठेवा : बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे नुसती पोळी टाळून भागत नाही.

जैन कुटुंबासाठी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा असं जमिनीखालचं काही नको. सगळं जेवण तसं करायची गरज नाही. एक भाजी, भात आणि गोड एवढं त्यांना चालेल असं असलं की पान पूर्ण होतं. मसालेभातात तोंडली आणि मटार, भाजी दुधीची किंवा पडवळाची. पण ते सूर्यास्तानंतर जेवत नाहीत का, हे आधी विचारा. नसतील तर साडेसातच्या आमंत्रणाला अर्थच नाही; पंगत दुपारची ठेवा.

संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो, आणि चंद्र त्या दिवशी रात्री बराच उशिरा उगवतो. त्या दोघांचं पान झाकून बाजूला काढून ठेवा, सगळ्यांना थांबवू नका. तारीख हातात असेल तर संकष्टी टाळलेली बरी.

प्रत्येक पदार्थापुढे एक चिठ्ठी ठेवा : नाव, कांदा-लसूण आहे की नाही, दाणे-काजू आहेत की नाही. तिखट असेल तर तेही लिहा.

प्रश्न : गच्चीवर कोजागिरी, 30 माणसं. मसाला दूध आणि भेळ एवढंच ठेवायचं आहे. मापं द्या. — डोंबिवली

उत्तर : दूध म्हशीचं, सहा लिटर. आटून पाच लिटर होतं, म्हणजे माणशी दीडशे मिलीलिटरचा पेला आणि थोडं हाताशी. साखर 500 ग्रॅम, मग चव बघून. मसाल्याला बदाम, काजू, पिस्ता मिळून 150 ग्रॅम जाडसर कुटलेले, 15 वेलदोडे, अर्धं जायफळ, चिमूट-दोन चिमूट केशर कोमट दुधात भिजवून. बदाम-पिस्ते मिक्सरला सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. थांबत-थांबत फिरवा, त्यात थोडी साखर घाला. पातेलं रुंद आणि जाड बुडाचं हवं. दूध ओतण्याआधी ते पाण्याने विसळून, न पुसता दूध ओता, तळाशी लागण्याचं प्रमाण कमी होतं. गूळ घालू नका, गरम दूध नासतं.

सहा लिटर दूध एकाच घरी आटवायला तास-दीड तास जातो. दोन घरांत तीन-तीन लिटर करा, गच्चीवर एकत्र ओता.

भेळेला कुरमुरे 800 ग्रॅम, शेव-फरसाण एक किलो, उकडलेले बटाटे दीड किलो, कांदा एक किलो, टोमॅटो पाऊण किलो, चिंच-खजुराची चटणी एक लिटर, हिरवी चटणी 400 मिलीलिटर. सगळं कोरडं एकदाच मिसळून ठेवू नका. सात-आठ जणांपुरता एकेक घाणा कालवा आणि लगेच वाढा. ऑक्टोबरच्या रात्री दव पडतं, उघडे कुरमुरे अर्ध्या तासात सादळतात.

गच्चीसाठी सोसायटीच्या कमिटीला दोन दिवस आधी लिहून कळवा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकरला बंदी आहे, म्हणून गाणी असतील तर ती आधी आणि दूध नंतर. कठड्यापाशी दूध उकळायची शेगडी ठेवू नका, मुलं तिथेच गर्दी करतात.

प्रश्न : एक जण मटण आणतो, दुसरा वेफर्सची दोन पाकिटं. बोलताही येत नाही. — औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : महाग पदार्थ वाटणीतून बाहेर काढा. मटण किंवा मासे असतील तर त्याचे पैसे सगळ्या खाणाऱ्या घरांनी आधी जमा करायचे आणि एका घराने रांधायचं. त्या घराला दुसरं काम द्यायचं नाही. हाडांसकट मटण माणशी 150 ते 175 ग्रॅम धरा, म्हणजे किलोत सहा जण. जो उशिरापर्यंत कामावर असतो किंवा एकटा राहतो, त्याला वेफर्सऐवजी मोजून काम सांगा : तीन किलो कलिंगड चिरून, दोन किलो दही, पाण्याचा जार, किंवा जेवणानंतरची आवराआवर.

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या मित्रमंडळींचं पॉटलक हॉलमध्ये असतं. 40 माणसं, हॉलमध्ये एक मायक्रोवेव्ह, ज्योत पेटवायला परवानगी नाही. अन्न गरम कसं ठेवावं? — न्यू जर्सी, अमेरिका

उत्तर : ओल्या पदार्थांना स्लो कुकर. सहा क्वार्टच्या, म्हणजे साडेपाच लिटरहून थोड्या मोठ्या भांड्यात 30-35 जणांची आमटी किंवा छोले मावतात. ‘वॉर्म’वर तो गरम अन्न गरम ठेवतो, गार अन्न गरम करायला मात्र तो फार वेळ घेतो आणि तेवढा वेळ अन्न कोमट राहतं. म्हणून घरी उकळूनच त्यात ओता. स्लो कुकर साधारण 250-300 वॅट घेतो. तिथल्या 120 व्होल्ट, 15 अँपियरच्या एका सर्किटवर तीन-चार बिनघोर चालतात, पण त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह लावला तर ब्रेकर पडतो. हॉलच्या वेगवेगळ्या भिंतींवरची सॉकेट्स वापरा.

भात आणि सुक्या भाज्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. अर्धा ट्रे दहा-बारा जणांना, पूर्ण ट्रे वीस-पंचवीस जणांना पुरतो, तेव्हा 40 जणांना पोळ्या असतील तर भाताचे दीड ट्रे. भरलेला पूर्ण ट्रे मधोमध वाकतो. खाली बेकिंगचा पत्रा घेऊनच उचला. फॉइल घट्ट लावून ओव्हनमधून काढलेला ट्रे जाड टॉवेलात गुंडाळून थर्मल पिशवीत ठेवला तर तासभर गरम राहतो. त्यामुळे ज्यांचं घर हॉलपासून सगळ्यात जवळ, त्यांना भात द्या. पोळ्या दहा-दहाच्या गड्डीने फॉइलमध्ये गुंडाळून 150 अंश सेल्सिअसला, तिथल्या ओव्हनवर 300 फॅरनहाइटला, पंधरा मिनिटं.

40 जणांना एका रांगेत वाढून घ्यायला फार वेळ लागतो. टेबल भिंतीपासून ओढून मध्ये ठेवा, दोन्ही बाजूंनी रांग करा, प्रत्येक पदार्थाला दोन पळ्या. ताटं सुरुवातीला, चमचे, हातपुसणी आणि पाणी अगदी शेवटी, नाहीतर लोक हातात पेला धरून भाजी वाढून घेतात आणि सांडतात.

प्रश्न : सगळे जेवून जातात, भांडी मला उरतात. माझे दोन डबे गेले आणि चार परके डबे माझ्याकडे आहेत. — नागपूर

उत्तर : डब्याला आणि झाकणाला, दोन्हींना कागदी टेपवर नाव. वाढायची पळी ज्याची त्याने आणायची, तिलाही टेप.

ताटं ज्याने-त्याने घरून आणावीत आणि खरकटी तशीच पिशवीत घालून न्यावीत, हा आमच्या मते सगळ्यात चांगला मार्ग आहे. ते जमत नसेल तर पत्रावळी, द्रोण किंवा सुपारीच्या पानांच्या ताटल्या. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या दोन पिशव्या टेबलाशेजारी उघड्या ठेवा, लोक आपसूक वेगळं टाकतात.

उरलेलं वाटायचं ते गोड वाढण्याआधी, सगळे बसलेले असताना. रिकामा डबा आणायला मेसेजमध्येच सांगा. गोड झालं की लोक चपला शोधायला लागतात, मग सगळं तुमच्या फ्रिजवर येतं. दोन तास बाहेर राहिलेला भात आणि ओल्या खोबऱ्याचं काही, हे कुणाच्या डब्यात भरू नका.

आवरायला दोन घरांची नावं आधीच यादीत लिहा, यजमान सोडून.

प्रश्न : ऐन दिवशी दुपारी दोन घरं गळाली, नेमकी पोळ्या आणि भाजीवाली. अशा वेळी काय करावं? — रत्नागिरी

उत्तर : दोन घरांतली सहा-सात माणसंही कमी झाली, हे आधी ध्यानात घ्या; जेवढं वाटतं तेवढं कमी पडत नाही. पोळ्यांऐवजी पावाच्या लाद्या मागवा, माणशी दोन पाव. उसळीबरोबर पाव चांगलाच लागतो, वर घालायला अर्धा किलो फरसाण आणि चिरलेला कांदा-लिंबू ठेवला की मिसळीचा बेत होतो. तेव्हा रस्सा वाढवा : दोन कांदे, सुकं खोबरं, आलं-लसूण भाजून वाटलेलं, लिटरभर गरम पाणी, पंधरा मिनिटं उकळी. गार पाणी ओतू नका, तर्री उतरते. आणि भाताचा तांदूळ 800 ग्रॅमच राहू द्या, वाढवू नका.